ज्युरासिक मालिकेच्या पुढच्या चित्रपटाकडून काय हवंय? (अपेक्षा लिहा, कारणासकट)

अश्मगंध (धागाकर्ता)

'ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ' (२०२५) येऊन गेला, त्याच्यावर भरपूर बोलून झालं. आता पुढच्या भागाकडून काय हवं ते एका ठिकाणी जमवूया. विनंती एकच: "भीती वाटली पाहिजे" किंवा "जुनी मजा परत आली पाहिजे" एवढ्यावर थांबू नका. भीती कशामुळे वाटते आणि जुनी मजा नेमक्या कुठल्या दृश्यात होती, तेही लिहा.

सुरुवात मी करतो. १९९३चा पहिला चित्रपट दोन तास सात मिनिटांचा आहे. त्यात डायनोसॉर दिसतात ती सगळी मिळून जेमतेम १५ मिनिटं. त्यातली ९च्या आसपास स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेल्या यांत्रिक जनावरांची, उरलेली ६ आयएलएम या कंपनीने संगणकावर केलेली. म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त वेळ पडद्यावर डायनोसॉर नाहीच, तरी तो सगळा चित्रपट त्यांचाच वाटतो.

टी. रेक्स कुंपणाबाहेर येतो तेवढंच दृश्य घ्या. आधी पेल्यातलं पाणी थरथरतं. मग लक्षात येतं की बकरी जागेवर नाही. मग तिची तंगडी गाडीच्या काचेच्या टपावर आदळते. मग तारेवर पंजा टेकतो. मग वर डोकं दिसतं, घास गिळताना. अख्खं जनावर रस्त्यावर येतं ते सगळ्यांत शेवटी. दर पायरीला आपल्याला थोडं जास्त कळतं, आणि पुढचं काय असेल ते मन आधीच भरून काढायला लागतं.

'डॉमिनियन'मध्ये (२०२२) जायगॅनोटोसॉरससारखा अवाढव्य शिकारी आणला, पण त्याचा इलाका कुठला, तो शिकार कशी करतो, माग कसा काढतो, काही कळायच्या आत तो समोर उभा. शेवटी मरतो तेव्हा काहीच वाटत नाही, कारण त्याची ओळखच झालेली नसते.

म्हणून माझी अपेक्षा: जाती पाच-सहाच ठेवा, पण प्रत्येकीला या सगळ्या पायऱ्या द्या.

मंद्रसप्तक

पाण्याच्या पेल्याबद्दल थोडी भर. ती वर्तुळं सहजासहजी येत नव्हती. टेबलावर दणके दिले की पाणी कसंही हलतं, एकात एक नेमकी वर्तुळं उमटत नाहीत. विशेष परिणाम सांभाळणारे मायकल लँटिएरी यांनी शेवटी डॅशबोर्डच्या खालून गिटारची तार बांधली आणि शूटिंगच्या वेळी ती खालून छेडली. तारेचं कंपन एकाच वारंवारितेचं असतं, म्हणून वर्तुळंही नीट उमटली.

आवाजाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, थोड्या वेळाने लिहितो.

चौकट२४

माझी अपेक्षा वजनाबद्दल आहे. संगणकावरचं जनावर खोटं का वाटतं याचं उत्तर बहुतेक वेळा कातडीत सापडत नाही, चालीत सापडतं.

पाय हा लंबकासारखा झुलतो. लंबक चौपट लांब केला की त्याचा झोका दुप्पट वेळ घेतो. माणसाचा पाय साधारण ०.९ मीटर. मोठ्या रेक्सची कंबर जमिनीपासून साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे जवळपास चौपट. आपलं एक पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं, चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशेबाने १२ चौकटी. त्याच ढंगाने रेक्स चालला तर त्याच्या पावलाला निदान २४ चौकटी लागायला हव्यात. २०२१ साली शेपटीच्या नैसर्गिक झोक्यावरून रेक्सच्या चालीचा हिशेब केला गेला. तो आणखी संथ निघाला: एक पाऊल दीड सेकंदाचं (३६ चौकटी) आणि वेग सेकंदाला १.२८ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या जरासा वर. रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका.

ही तपासणी कुणालाही करता येते. चित्रपट थांबवा, पाऊल जमिनीला टेकलं ती चौकट धरा आणि दुसरं पाऊल टेकेपर्यंत एकेक चौकट पुढे सरका. पळापळीच्या दृश्यात मोठं जनावर १०-१२ चौकटींत पाऊल टाकत असेल तर डोळा त्याला आपसूक माणसाएवढं समजतो. मग बाजूला कितीही छोटी गाडी उभी करा, ते खेळणंच दिसतं.

दुसरी चूक कॅमेऱ्याची. संगणकातल्या कॅमेऱ्याला वजन नसतं, म्हणून तो जबड्यासमोरून शिरतो, पोटाखालून निघतो आणि शेपटीला वळसा घालून वर जातो. प्रेक्षकाला स्वतःची उंची विसरायला होते आणि मोजायला काही उरत नाही. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, खाली चिखलात ठेवला तर आणखी उत्तम, आणि जनावराला चौकटीबाहेर जाऊ द्या.

चौकटीचा आकारही यात येतो. पहिले तीनही चित्रपट १.८५:१ (रुंदी:उंची) मध्ये आहेत. २०१५ आणि २०२२चा २:१, तर २०१८चा आणि 'रिबर्थ' २.३९:१. पाच मीटर उंच जनावर आणि दीड-पावणेदोन मीटरचा माणूस एकाच चित्रात दाखवायचे तर उंच चौकट लागते. रुंद चौकटीत एकतर डोकं कापावं लागतं, नाहीतर इतकं मागे जावं लागतं की माणूस ठिपका होतो. 'रिबर्थ'ची समुद्रावरची दृश्यं रुंद चौकटीत शोभली, कारण तिथे क्षितिज आहे, बोट आडवी आहे, मोसासॉरसही आडवा आहे. ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण केल्याचा फायदाही तिथे दिसतो. पण जंगलात, उभ्या झाडांमध्ये मला १.८५ परत हवंय.

रानवेल

चौकट२४, तुमचा हिशेब मान्य. पण मग जीपचा पाठलाग? तो तर मालिकेतला सगळ्यांत आवडता प्रसंग आहे. रेक्स ताशी साडेचार किलोमीटरने चालला तर पाठलाग होणारच नाही.

चौकट२४

साडेचार ही निवांत चाल झाली, तिथे तो भुकेलेला नाही. पहिल्या चित्रपटात ताशी ३२ मैलांचा दावा आहे, म्हणजे ५१ किलोमीटर. २०१७ साली हाडांवर येणाऱ्या ताणाचा हिशेब मांडला गेला, त्यात एवढ्या वजनाला धावणंच झेपत नाही असं निघालं. फार तर झपाझप चालणं.

पण पाठलाग रंगायला वेग लागतोच असं नाही. गाडी चिखलात रुतलेली आहे, गिअर पडत नाहीये आणि मागून येणारं जनावर पळत नाहीये, नुसतं चालतंय. दीड सेकंदाला एक पाऊल. किती पावलांत पोहोचेल ते प्रेक्षक मोजू शकतो. मला तरी ते जास्त भयंकर वाटतं.

साचेकाम

यांत्रिक जनावरं परत आणा असं सगळेच म्हणतात. नेमकी कुठे आणावीत याबद्दल लिहितो, कारण सगळीकडे ती चालत नाहीत.

१९९३चा रेक्स असा घडला: मार्क मॅक्रीरी यांची रेखाटनं, त्यावरून पाचपट लहान शिल्प, त्या शिल्पाचे काप मोजून पूर्ण मापाचा साचा, त्यावर फोम लेटेक्सची कातडी. आत हायड्रॉलिक यंत्रणा, आणि सगळं धूड विमानाच्या सिम्युलेटरसारख्या हलत्या चौथऱ्यावर बसवलेलं. चालवायला पाचपट लहान सांगाडा. कलाकार तो हाताने हलवत, आणि मोठं जनावर त्याची नक्कल करी. वेगळं डोकं आणि वेगळा पायही केला होता, जवळच्या शॉटसाठी.

बिघडलं ते पावसात. फोम लेटेक्स म्हणजे स्पंजच. ते पाणी पीत गेलं आणि कातडी जड होत गेली. हायड्रॉलिकचा तोल कोरड्या वजनावर बसवलेला होता, त्यामुळे वजन वाढल्यावर अख्खा रेक्स थरथरू लागला. दोन शॉटच्या मधे माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. सिलिकोनची कातडी पाणी पीत नाही, पण ती मुळातच जड असते. म्हणून मोठ्या जनावराला आजही तो प्रश्न सोपा नाही.

तिसऱ्या भागातला स्पायनोसॉरस तर १२ टनांच्या घरात होता आणि त्याला १००० अश्वशक्तीची यंत्रणा. दोन्ही यांत्रिक जनावरांची झुंज चित्रित करताना त्याने रेक्सचं डोकं उखडलं. ताकद भरपूर, पण तो चालू शकत नाही, उडी मारू शकत नाही, पटकन वळूही शकत नाही. पूर्ण आकाराच्या यंत्राकडून धावपळ करून घ्यायला गेलं की सगळा मामला लटपटतो.

म्हणून माझा नियम स्पर्शाचा. नट जिथे कातडीला हात लावतो तिथे खरं जनावर हवं, बाकी ठिकाणी संगणक चालेल. आजारी ट्रायसेरॅटॉप्स आठवा. ती नुसती पडून आहे, छाती वरखाली होतेय आणि जीवाश्मतज्ज्ञ ग्रँट तिच्या अंगावर डोकं टेकवून पडलाय. छातीबरोबर त्याचं डोकंही वरखाली होतं. तो एक शॉट पुढच्या संगणकी जनावरांनासुद्धा खरेपणा देऊन जातो. 'रिबर्थ'मधली छोटी अॅक्विलॉप्स, डोलोरेस, लोकांना का आवडली? कारण ती मुलीच्या कुशीत खरोखर बसलेली दिसते.

पुढच्या भागात हवं ते असं: दोन मीटरपर्यंतचं प्रत्येक जनावर पूर्ण बनवलेलं, त्याहून मोठ्याचं डोकं, मान आणि एक पाय.

रानवेल

डोलोरेसबद्दल +१.

हाडांची_वही

आता शास्त्राकडे. मालिकेने सगळं शास्त्रशुद्ध करावं असा माझा हट्ट नाही. २०१५च्या भागात ही जनावरं बनवणारा शास्त्रज्ञ डॉ. वू सांगून टाकतो की इथलं काहीच नैसर्गिक नाही, जनुकांमधल्या फटी दुसऱ्या प्राण्यांनी भरल्यात. ही पळवाट पटकथेत आहे आणि ती योग्यच आहे. पण नव्या शोधांमुळे जिथे दृश्य जास्त रंगतं, तिथे तरी ते घ्यावेत.

रेक्सचे ओठ. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात दातांच्या झिजेचा अभ्यास आला. मगरीचे दात सतत उघडे राहतात, म्हणून बाहेरच्या बाजूने झिजतात. रेक्सच्या कुळातल्या दातांवर तशी झीज नाही, म्हणजे दात ओठांनी झाकलेले असावेत. पडद्यावर विचार करा: तोंड मिटलेलं असताना एकही दात दिसत नाही, आणि ओठ मागे सरकतात तेव्हा सगळे एकदम. १९९३ची जुनी मादी बदलू नका, तिचा चेहरा ठरलेला आहे. पण नवीन रेक्स आणत असाल तर त्याला ओठ द्यायला काहीच अडचण नाही.

पिसं. रेक्सला नकोत. २०१७ साली त्याच्या कातडीचे ठसे अभ्यासले गेले, त्यात खवलेच आहेत. पण व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे २००७ साली सापडले, तिथे वादच मिटला. खरा व्हेलोसिरॅप्टर दोन मीटर लांब आणि २० किलोच्या आत. चित्रपटातला प्राणी डायनोनिकसवर बेतलेला आहे, आणि तोही फुगवून.

डायलोफोसॉरसही असाच. गळ्याची झालर आणि विषाची पिचकारी हे पूर्णपणे रचलेलं. खरा प्राणी सात मीटर लांब होता, त्याच्या काळातला उत्तर अमेरिकेतला बहुधा सगळ्यांत मोठा शिकारी. पहिल्या भागातला माणसाएवढा डायलोफोसॉरस पिल्लू होता असं धरलं, तर त्याची आई अजून पडद्यावर आलेलीच नाही. लेखकांनी हे उचलावं.

आणि 'रिबर्थ'मधले टायटॅनोसॉर. ते दृश्य सुंदर आहे, पण चाबकासारखी लांबलचक शेपूट डिप्लोडोकसच्या कुळाची खूण आहे. मूळ 'टायटॅनोसॉरस' हे नाव १८७७ साली लायडेकर यांनी जबलपूरला सापडलेल्या शेपटीच्या मणक्यांवरून दिलं. तसे मणके पुढे बऱ्याच जातींत सापडले, म्हणून ते नाव आज एका जातीसाठी वापरत नाहीत, कुळासाठी वापरतात. चित्रपटात मात्र ते एका प्राण्याचं नाव असल्यासारखं येतं.

तळ्याकाठचा

पिसांना माझा विरोध आहे. ज्या रॅप्टरला बघून आपण घाबरलो, तो स्वयंपाकघरात नखं टकटकवत फिरणारा, गुळगुळीत कातडीचा होता. 'डॉमिनियन'मध्ये पिसांचा पायरोरॅप्टर बर्फावर आणला, दिसायला छान, पण कुणाच्या लक्षात राहिला? पिसं आली की डोळ्यांना पक्षी दिसतो, आणि पक्ष्याची भीती वाटत नाही.

हाडांची_वही

तळ्याकाठचा, पायरोरॅप्टर लक्षात राहिला नाही याचं कारण पिसं नाहीत. त्याला मिळालेला वेळ बघा. येतो, बर्फ फुटतो, पाण्याखाली पोहतो, संपलं. स्वयंपाकघरातल्या रॅप्टरना त्याआधी अख्खा चित्रपट मिळालेला आहे: सुरुवातीला पिंजऱ्यातला मृत्यू, मग ग्रँट त्या पोराला नखी दाखवतो, मग बैलाला दोरांनी उचलून पिंजऱ्यात सोडतात आणि फक्त झुडपं हलताना दिसतात, मग दाराचा खटका उघडता येतो ही माहिती. अश्मगंध यांनी वर म्हटलेल्या पायऱ्या त्या ह्याच.

पक्ष्याची भीती वाटत नाही हेही मला पटत नाही. शहामृगाच्या नात्यातला कॅसोवरी पक्षी माणसाला लाथेने मारू शकतो. तो अंधारातून डोकं न हलवता टक लावून बघतो, ते दृश्य घ्या आणि त्याला दोन मीटरचा करा.

मंद्रसप्तक

आवाज.

गॅरी राइडस्ट्रॉम यांनी रेक्सची डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि अॅलिगेटर एकत्र करून बनवली. रेक्सचा श्वास हा देवमाशाच्या नाकपुडीतून निघणाऱ्या फवाऱ्याचा आवाज आहे. रॅप्टरच्या हाकेत समागमाच्या वेळचा कासवाचा आवाज आहे. सगळे खऱ्या प्राण्यांचे. त्या आवाजांत फुफ्फुसं आहेत, कफ आहे, दम लागतो. नंतरच्या भागांमध्ये तीच डरकाळी सही केल्यासारखी वापरली गेली: कुठल्याही प्रसंगाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून एक डरकाळी. शिकारी जनावर शिकारीच्या आधी ओरडत नाही. भक्ष्य पळून जाईल.

२०१६ साली पक्ष्यांच्या आवाजावर एक अभ्यास आला. तोंड मिटून, गळा फुगवून घुमणारा आवाज काढण्याची सवय पक्ष्यांच्या कुळात अनेकदा स्वतंत्रपणे आलेली आहे, मगरीही तशाच घुमतात. मोठे डायनोसॉरही असेच घुमत असतील ही शक्यता भक्कम आहे. पडद्यासाठी तर हे सोन्यासारखं आहे. २० हर्ट्झच्या खालचा आवाज कानाला ऐकू येत नाही, छातीत जाणवतो.

व्यवहारातली अडचण एक आहे. थिएटरचे सबवूफर खाली साधारण २५-३० हर्ट्झपर्यंत चांगले वाजतात, आणि मोबाइल वा लॅपटॉपवर १००च्या खालचं जवळजवळ काहीच पोहोचत नाही. म्हणून घुमण्याच्या आवाजात वरचे स्वर, खरखर, पानांची थरथर, पत्र्याची कंपनं मिसळावी लागतील. नाहीतर घरी बघणाऱ्याला तिथे नुसती शांतता वाटेल.

दुसरं: रेक्स बाहेर येतो त्या दृश्यात संगीत नाही. जॉन विल्यम्स यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना ते दृश्य कोरडं सोडलंय. पाऊस, तार तुटण्याचा आवाज, काच आणि किंकाळ्या, एवढंच. पुढच्या भागातल्या सगळ्यांत मोठ्या हल्ल्यालाही संगीत नको, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी, ती ओळखीची धून अख्ख्या चित्रपटात दोनदाच यावी. पहिल्या भागात ती ब्रॅकिओसॉरस दिसल्यावर येते आणि तिने काहीतरी कमावलेलं असतं. आता कुणी जुनी गाडी पुसली तरी वाजते.

वादळवारा

मी इथे वेगळं मत मांडतो. संकरित आणि विकृत जनावरं नकोत असं सगळे म्हणतात, मला ती हवी आहेत. मालिकेचा मूळ विषय डायनोसॉर नाही, माणसाने जनुकांशी केलेला खेळ आहे. 'रिबर्थ'मधला डिस्टॉर्टस रेक्स हा फसलेला प्रयोग आहे, सहा अवयवांचा, वाकडा. त्याच्याकडे बघून वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही हा लेखनाचा दोष, कल्पनेचा नाही.

अश्मगंध

वादळवारा, विषयाबद्दल पूर्ण सहमत. अडचण कुठे येते ते सांगतो.

रेक्स किंवा रॅप्टर आला की प्रेक्षकाला नियम माहीत असतात. बनवलेल्या जनावराला नियम नसतात, ते चित्रपटाने द्यावे लागतात. इंडोमिनस या संकरित जनावराला २०१५मध्ये ते दिले होते: एकटीच वाढलेली, भावंड खाल्लेलं, अंगाचा रंग बदलते, उष्णता लपवते. म्हणून पिंजऱ्याचा प्रसंग जमला. भिंतीवर नखांचे ओरखडे, कॅमेऱ्यात काहीच नाही, माणसं आत उतरतात, आणि मग कळतं की ती आतच आहे. त्या प्रसंगाचं सगळं यश त्या दोन नियमांवर उभं आहे. डिस्टॉर्टस प्रकाशाकडे ओढला जातो, एवढंच आपल्याला शेवटी-शेवटी समजतं, तेही फ्लेअरची (पेटत्या कांडीची) गरज पडते म्हणून.

तसं जनावर आणायचंच असेल तर पहिल्या अर्ध्या तासात त्याचे दोन नियम दाखवा आणि त्यातला एक खोटा ठरवा.

वादळवारा

हे पटलं. खोटा ठरणारा नियम छानच.

पटकथाप्रेमी

उशिरा आलो, पण माझी अपेक्षा एकाच प्रसंगाची आहे. मायकल क्रायटन यांच्या १९९०च्या कादंबरीतला हा प्रसंग अजून कुठल्याच भागात आलेला नाही. नदीतला तराफा 'रिबर्थ'ने घेतला, पक्षीगृह तिसऱ्या भागात आलं, समुद्रकिनाऱ्यावरची मुलगी दुसऱ्यात आली. हा मात्र राहिला.

बेटावर सगळीकडे कॅमेरे आहेत आणि संगणक जनावरं मोजतो. असायला हवीत २३८. मोजली, २३८. दर वेळी बरोबर. गणितज्ञ माल्कम म्हणतो, २३९ शोधा. सापडतात २३९. मग ३०० शोधायला सांगतात, आणि आकडा २९२वर येऊन थांबतो. संगणकाला जेवढी अपेक्षित तेवढीच मोजायला सांगितलेली होती, तो तिथपर्यंत पोहोचला की मोजणं थांबवायचा. कारण बनवणाऱ्यांना काळजी होती ती जनावर हरवण्याची. जास्त होतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रॅप्टर ८ हवे होते, निघाले ३७.

त्याच्याही आधी एक आलेख येतो, तो माझा सगळ्यांत आवडता. कॉम्पी नावाच्या छोट्या डायनोसॉरच्या उंचीचा आलेख. मध्यभागी फुगलेली, दोन्हीकडे उतरणारी नीटस वक्ररेषा. बाकीच्यांना वाटतं, वा, निरोगी कळप. माल्कम म्हणतो, हीच गडबड आहे. कॉम्पी तीन तुकड्यांत सोडले होते, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. मग आलेखात तीन वेगवेगळे उंचवटे दिसायला हवेत. एकच सलग फुगवटा येतो तो आपोआप वाढणाऱ्या कळपात.

यात एकही जनावर पडद्यावर नाही, एक डॉलरचाही संगणकी खर्च नाही, आणि अंगावर काटा येतो. १९९३च्या चित्रपटाने याऐवजी जंगलात फुटलेली अंडी दाखवली. चित्र म्हणून तेही चांगलंच आहे. पण मोजणीतली भीती वेगळी आहे, तिथे आपल्या यंत्रानेच आपल्याला खोटं न बोलता फसवलेलं असतं.

'डॉमिनियन'नंतरच्या जगात तर हे जास्त शोभेल. जनावरं बाहेर आहेत, कुणीतरी त्यांची नोंद ठेवत असणार. कानात बिल्ला किंवा कातडीखाली चिप असलेलीच मोजली जात असतील. बाहेर जन्मलेल्याला बिल्ला नाही, म्हणजे नोंदीत तो नाहीच.

हाडांची_वही

पटकथाप्रेमी, या धाग्यातली ही सगळ्यांत मोलाची सूचना. तिला एक आकडा जोडतो.

२०२१ साली 'सायन्स'मध्ये रेक्सच्या संख्येचा अंदाज आला: एका वेळी सुमारे २०,००० प्रौढ, आणि दर १०० चौरस किलोमीटरला एक. कादंबरीतलं पार्कचं बेट, इस्ला नुब्लार, २२ चौरस मैल, म्हणजे ५७ चौरस किलोमीटर. निसर्गाच्या हिशेबाने त्या बेटावर एक रेक्ससुद्धा मावत नाही. पार्क चालतं ते बाहेरून आणलेल्या बकऱ्यांवर. खाणं बंद झालं की बेट उपाशी.

'रिबर्थ'मध्ये हा प्रश्न तसाच सोडलाय. बेट १७ वर्षं ओसाड, आणि त्यावर रेक्स, संकरित म्युटाडॉन, डिस्टॉर्टस आणि किनाऱ्याला स्पायनोसॉरस. सगळे खातात काय? एखादं दृश्य पुरेसं होतं: हाडांचा ढीग आणि त्यावर एकमेकांच्याच दातांच्या खुणा.

आणखी एक. विषुववृत्ताजवळच डायनोसॉर तग धरतात, असं 'रिबर्थ' सांगतो. पण अलास्काच्या उत्तर टोकाला प्रिन्स क्रीकच्या खडकांत ७ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरची हाडं सापडतात, नानुकसॉरस नावाचा रेक्सचा नातेवाईकसुद्धा. तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नसे. २०२१ साली तिथून अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांचे अवशेषही नोंदवले गेले, म्हणजे ते तिथे नुसते फिरायला येत नसत, तिथेच वाढत.

आता हे दोन्ही एकत्र करा. सगळं जग समजतंय की थंडीत ती मेली. उत्तरेला कुणी मोजतच नाही.

तळ्याकाठचा

हे वाचल्यावर पिसांचा विरोध मागे घेतो. अंधार, बर्फ आणि पिसं, तिथे ती शोभतील. पण स्वयंपाकघरातल्या रॅप्टरचा आवाज तसाच ठेवा.

मंद्रसप्तक

बर्फात आवाज दबतो. ताजा बर्फ कंपनं शोषतो, प्रतिध्वनी येत नाही. त्यामुळे पेल्यातल्या पाण्याची युक्ती तिथे चालणार नाही. काहीतरी नवीन शोधावं लागेल: फांदीवरचा बर्फ एका ठेक्यात गळणं, दर दीड सेकंदाला.

साचेकाम

आणि पिसांचं जनावर यांत्रिक करायचं तर अंगाच्या हालचालीने पिसं उलटी फिरतात, शिवण दिसते. पिसं कातडीवर एकेक करून, शेपटीकडून डोक्याकडे कौलं रचावी तशी रचावी लागतात. दोन मीटरच्या जनावराला काही हजार. वेळ लागेल, पण बर्फात ओली झाली तरी स्पंजासारखं वजन वाढणार नाही.

पटकथाप्रेमी

मंद्रसप्तक, दर दीड सेकंदाला गळणारा बर्फ! चौकट२४ यांचं पाऊल तुम्ही बरोबर उचललंत.

मोजणीच्या प्रसंगाबद्दल चौकट२४ यांना विचारतो: नुसता आकडा चढताना दाखवायचा, ते कंटाळवाणं होणार नाही?

चौकट२४

कापाकापी केली तर होईल. आकडा, मग दचकलेला चेहरा, मग परत आकडा, असं केलं की प्रेक्षकाला आपण आधीच उत्तर देऊन टाकतो.

एकच शॉट ठेवा. पुढे पडदा, त्याच्या काचेत मागच्या माणसाचं धूसर प्रतिबिंब, फोकस आकड्यावर. २३८पर्यंत भराभर मोजू द्या, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे अर्धा सेकंद थांबा. मग २३९, आणि तिथून पुढे वेग कमी. कादंबरीतलेच आकडे धरले तर २९२पर्यंत ५४ जनावरं, सेकंदाला दोन म्हणजे २७ सेकंद. साधारण दहाव्या सेकंदाला मागची व्यक्ती खुर्चीतून उठलेली काचेत दिसावी, पण फोकस तिच्याकडे जाऊ नये. संगीत नको. पंख्याची घरघर पुरे. आणि त्यानंतरची निदान पाच मिनिटं कुठलंच जनावर दाखवू नका.